चौथी पाचर

सत्तावीस नंबरची जागा, सिट्का स्प्रूसखाली.
मी गाडी मागे घेत होते, ऑरिन खाली उभा राहून ओरडत होता,
"डावीकडे! तुझ्या डावीकडे!"
आणि मी नेहमीसारखी उजवीकडे गेले.
आरशात मुळं, लाकडी बाक, एक खार,
आणि बत्तीस फुटांचं आमचं चाकांवरचं घर
दोन बुंध्यांमधून स्वतःला ओवू पाहणारं,
टोक पिंजलेल्या दोऱ्यासारखं.

समुद्र दिसत नाही इथून.
ऐकू येतो:
झाडांपलीकडे कुणीतरी
जड कपाट सरकवतंय,
थांबतंय, दम खातंय,
पुन्हा सरकवतंय.

ओट्यावर मी अंडं ठेवलं.
बुडबुड्याची पट्टी आहे आमच्याकडे,
पण माझा विश्वास अंड्यावर.
अंडं दाराकडे निघालं,
बाहेर कुणी हाक मारल्यासारखं.

पाचरी उरल्यात तीनच.
चौथी बँडनच्या तळावर राहिली.
ती कोण विसरलं यावर आम्ही
नव्वद मैल बोललो
आणि पुढचे चाळीस मैल बोललो नाही.

अठ्ठावीस नंबरातून एक बाई आली.
गमबूट, कानटोपी, हातात देवदाराची पाचर.
"इर्मगार्ड. सस्कॅचेवान," म्हणाली,
जणू पत्ता पूर्ण झाला.
"आमच्याकडे जमीन अशी सपाट
की सांडलेल्या दुधाला कळत नाही कुठे जावं.
तिरकं म्हणजे काय ते मी या किनाऱ्यावर शिकले."
अंधार पडत आला होता. तिनेच गुडघे टेकले,
तिनेच हातोडीचे दोन घाव घातले.
पाचर मारली की काम अडतं, असं म्हणतात.
हिने मारली
आणि अंडं जागच्या जागी राहिलं.

मग वेंडेल आला, तळाचा राखणदार,
बॅटरीच्या गाडीत लाकडाच्या मोळ्या घेऊन.
सात डॉलरला एक. बाहेरचं लाकूड जाळू नका, त्यातून कीड येते.
आंघोळीला गरम पाणी आठपर्यंत.
आणि ज्या आवाजात पाण्याची वेळ सांगितली
त्याच आवाजात: "भोंगा झाला
तर त्या निळ्या पाटीवरून वर चालत सुटायचं.
गाडीत काही घ्यायला परत फिरायचं नाही."
ऑरिनने विचारलं, "किल्ल्या?"
वेंडेल हसला. "कशाच्या?"

रात्री पाऊस नव्हता.
धुकंच फांद्यांना अडकून
थेंब थेंब आमच्या पत्र्यावर उतरत होतं.
ऑरिन घोरत होता. मी बॉइझीचं घर आठवत होते,
विकलेलं. जिना, तळघर, हिरवं स्वयंपाकघर.
एकतीस वर्षांत तिथे
एकदाही अंडं ठेवून पाहिलं नाही.
सरळ आहे असं धरून चाललो.
पलीकडे कपाट सरकत राहिलं.

सकाळी अठ्ठावीस नंबर रिकामा.
तिची गाडी होती तिथे कोरड्या मातीचा चौकोन,
कडांकडून काळा होत चाललेला.
ऑरिनने चाकाखालून पाचर ओढून काढली,
उलटी केली,
आणि बराच वेळ उठलाच नाही.

खालच्या बाजूला हिरव्या रंगात
"ऑ. लू."
स्वयंपाकघर रंगवून उरलेला डबा,
माझंच अक्षर, ओघळलेलं.

बँडनला आमच्या मागून ती त्याच जागी उतरली असेल.
पाचरीवरची अक्षरं तिने वाचली होती का,
आमची नावं ऐकून ओळखलं होतं का,
कोण जाणे. अंधारात पाचरीची खालची बाजू
कुणी बघत नाही.
"मी विसरलो होतो," ऑरिन म्हणाला.
"नाही, मी," म्हणाले मी,
आणि या वेळी त्यावर
एक मैलसुद्धा भांडलो नाही.

निघताना दिसली दोन झाडांमध्ये तिची दोरी,
तिच्यावर एक चिमटा, एक लोकरी मोजा. राखाडी,
टाचेला तांबड्या धाग्याने रफू केलेला.
वेंडेल म्हणाला, ती उत्तरेकडे गेली. बहुतेक.

मोजा अजून ओला आहे.
ओट्यावर वाळत घातलाय,
वाटीतल्या अंड्याशेजारी.