रस्ता

सकाळी आठला झिपरू वाडिले मला उतरवून गेला.
"पाचले येसू," एवढंच बोलला.
नऊ घरं. अकरा शेळ्या, एक बोकड,
कोंबड्या एकोणतीस. तिसावी परवाच
उदमांजरानं नेली, पण लटकनबाई म्हणाली
लिहून ठेवा, तिची अंडी अजून घरात आहेत.
साडेनऊला पशुगणना संपली.
माशांसाठी अर्जात रकाना नव्हता.

मग पायीच निघाले, बेट केवढं ते बघायला.

"बंदर कुठंय?" असं मी उतरताच विचारलं होतं.
पोरं पोट धरून हसली.
"बंदर तथा, सातपुडामा. आठे रस्ता शे."

आणि खरंच, रस्ताच तो.
डांबरी, एस.टी. जाईल एवढा रुंद,
घरांमधून उतरत येतो
आणि न थबकता तापीत शिरतो.
कडेला मैलाचा दगड, त्याला चार होड्या बांधलेल्या,
दोर घासून घासून 'श' गेलेला:
हादा १९.
एक होडी पालथी, तिच्या बुडाला डांबर लावत
धुडकू बसलेला, शेजारी तीन दगडांवर डबा रटरटतोय.
रस्त्यानं दिलेलं नाही हे डांबर, तो हसून म्हणाला,
बाजारातून आणलंय, किलोवर.

उत्तरेच्या अंगाला सातपुडा, दुपारपर्यंत निळा, मग राखाडी.
दक्षिणेला पल्याड पपईच्या बागा,
माणसं दिसत नाहीत, नुसता पंपाचा आवाज येतो.
पाण्यात विजेचे खांब उभे, तारा काढून नेलेले,
प्रत्येकावर एक पाणकावळा पंख वाळवत.
पश्चिमेच्या चिखलात केळीचे बुंधे वाहून येतात,
शेळ्या तिथंच चरतात,
माझ्या अकरा, मी पुन्हा मोजल्या.
मधोमध विहीर. चारी बाजूंनी एवढी नदी,
पण प्यायला अजून हिचंच पाणी,
नदीचं जड लागतं म्हणे.
शाळेच्या एका खोलीत जाळी टांगलेली,
फळ्यावर कुणाचे तरी हिशेब:
कटला २२, मरळ ४, वाम नाही.

दीड तासात फेरी पुरी झाली.
मग उलट्या दिशेनं दुसरी मारली.
दुसरं बेट असल्यासारखंच वाटलं.

लटकनबाईनं कळण्याची भाकर वाढली,
झिंग्यांचा झणझणीत रस्सा,
आणि मी घाम पुसतेय हे बघत बसली, खूश होऊन.

उन्हं कलल्यावर चपला हातात घेऊन
रस्त्यानं खाली गेले.
घोट्यापर्यंत खडी टोचते. नडगीपर्यंत शेवाळ.
गुडघ्याशी पाणी आलं तेव्हा
पायाखाली अजून रस्ताच होता, आणि पुढेही.
मला भीती वाटली, कसली ते कळलं नाही,
मी वळले.

साडेचारला धावपळ.
थर्माकोलच्या पेट्या, बर्फ, तागाचं पोतं,
पल्याडच्या काठावर सुरतवाल्याचा टेम्पो हॉर्न वाजवतोय.
ताणकाट्यावर एक मरळ उसळून परत पाण्यात पडली,
कुणीच शिवी दिली नाही, हितेशनं मात्र उडी मारली.
मी विचारलं, रोज किती मासे?
धुडकू म्हणाला, "मासा मोजाना नही, ताई. तोलाना."

झिपरू पाचच्या ऐवजी पावणेसहाला आला.
पेट्यांवर मी बसले, बर्फाचा गारवा मांडीला लागत.
पाणी सपाट, कुठंही जाता येईल असं.
पण तो सरळ जाईना.
अर्ध्यावर त्यानं वल्हं मुरडलं, होडी डावीकडे घेतली.
इथं का?
"वळन शे."

दोन्ही कडांना बाभळीची खोडं आहेत खाली, त्यानं सांगितलं,
बूड फाडतात, जाळं खातात.
रस्ता तेवढा मोकळा.
एकदा त्यानं हात सैल सोडला,
होडी जराशी रेंगाळली,
"आठे थांबा व्हता," म्हणाला,
आणि कुणी चढलं-उतरलं नाही तेव्हा
पुन्हा वल्हवायला लागला.

काठाला लागलो. रस्ता ओला होऊन वर आला,
त्याच्या कडेला दगड, ह्याचं अक्षर शाबूत:
टेकवाडे २.
टेम्पोवाल्याला घाई होती.
मी पाय झटकले, चपला घातल्या.