डोळखांबचं कुंपण

एप्रिलात इथला मुरूम पहारीला दाद देत नाही.
खड्डा दीड हात, त्यात अर्धा दिवस.
ऐनाचे खांब बुडाशी जाळून घेतले,
वर गाडीचं काळं तेल.
वाळवी थांबते त्यानं तीनेक वर्षं,
पुढचं पुढे.

ओटा नको, डेक म्हणा, साहेब म्हणाले.
म्हटलं, डेक.
फळ्यांमध्ये खिळ्याएवढी फट सोडत गेलो
तर मॅडमनी वाकून बघितलं, चुकलंय का?
नाही. आत्ता सुकलीय फळी. जुलैत फुगेल,
जागा मागेल.

मग कुंपण. नकाशावर सरळ रेघ.
रेघेला आडवी एक पायवाट.
चांगुणा वारघडे तिच्यावरून
मोहाची टोपली घेऊन येते पहाटे.
खड्ड्यापाशी थांबली. आत पाहिलं.
वळसा घालून गेली, बोलली काही नाही.

दुसऱ्या दिवशी तोच वळसा.
तिसऱ्या दिवशी वाळल्या गवतात
वळशाचीच वाट दिसायला लागली.

मी दोरी ताणली, ओळंबा सोडला.
खांब सरळ बसला,
दोन सूतही इकडेतिकडे नाही.
इथेही जागा सोडावी लागते,
हे साहेबांना सांगायचं राहिलं.
मजुरी रोख मिळाली.