बाकामागे

अबुधाबी, रात्रीचे साडेदहा. बाहेर एकोणचाळीस.
आत मी स्वेटर घालून, पायांत साधे बूट,
रबरी चटईवर उभा.
पहिल्या दिवशी हेच टोचलं :
की मी घसरत नाहीये.

चार वर्षं कॉलेजची अठरा नंबरची जर्सी माझी होती.
आता ती हमदानच्या पाठीवर. त्याला ढगळ होते.
मी काही बोललो नाही. बाह्या दुमडून दिल्या.

वळण कसं घ्यायचं, विचारतो तो.
मला कुठे ठाऊक?
माझ्या घोट्याला ठाऊक होतं,
आणि घोटा आता सांगत नाही, नुसता दुखतो.
फळ्यावर बाण काढले. बाण छान वळले.
पोरं नाही वळली.

अल ऐनशी सामना, दोन-दोन, शेवटची मिनिटं.
पक कोपऱ्यात, हमदान ताठ, दिव्याच्या खांबासारखा,
आणि माझ्या तोंडून, इंग्रजी नाही, अरबी नाही,
"अरे वाक! वाक की रे मेल्या!"

तो वाकला.
कसा, कोण जाणे.
पातं बर्फ कापत गेलं, तो आवाज
माझ्या पोटरीत उमटला.

हरलोच पण. तीन-दोन.

नंतर मागच्या दाराशी यंत्रानं
खरवडलेला बर्फ ओतला : राखाडी ढीग,
त्यात सगळ्यांच्या रेघा.
मांजर आलं, चाटू लागलं.
दमट हवेत चष्मा धुरकटला.
पुसला नाही.

आत, कपडे बदलायच्या खोलीत, पोरांचा गलका :
"वाक! वाक!"
कुणी कुणाला, देव जाणे.