गुंजभर

जळगावच्या सराफ गल्लीत पहाटे चारला
कुत्र्यांच्याही आधी आम्ही पोचायचो.
बाप गटारात उतरायचा, मांडीपर्यंत.
आई दात घासायच्या जुन्या ब्रशने
दुकानांच्या पायऱ्यांच्या फटी झाडायची.
मी पोतं धरायची.

बापाचं नाव उखर्डू.
आधीची दोन जगली नाहीत म्हणून आजीने त्याला
उकिरड्यावर लोळवून परत उचललं होतं.
आई सुपडाबाई, सुपात घालून पाखडलेली.
अशी दोघं,
कचऱ्यातून निवडून आणलेली
आणि कचराच निवडत बसलेली.

मेहरूणच्या कडेला काठवट.
गाळ, पाणी, मनगटाचा गोल हिसडा,
हलकं वाहून जातं, काळी रेती मागे राहते.
मग पारा. आई तळहाताने मळायची
भाकरीचं पीठ मळावं तसा,
फडक्यातून पिळायची
आणि उरलेली राखाडी गोळी पळीत घेऊन
चुलीवर धरायची. "तोंड फिरव गं."
पारा उडून जायचा.
पळीच्या तळाशी पिवळा ठिपका,
डास चावल्याएवढा.

तो कागदात बांधून बाप विकायला न्यायचा.
दुकान ते घर वीस मिनिटांची वाट,
मध्ये रुळांपलीकडे गेंदाबाईची भट्टी.
रात्री अकराला यायचा.
कागद मात्र आठवणीने परत आणायचा,
नीट घडी घातलेला,
कधी त्यात चार फुटाणे.
"सोडी दिधी, आजपाईन," म्हणायचा
आणि उंबऱ्यावरच कलंडायचा.
आईचा ओठ फुटला की
तेजाब उडालं, असं आम्ही शेजारी सांगायचो.

त्या आखाजीला मामा न्यायला आला.
आईच्या गळ्यातल्या वाट्या पितळेच्या,
चिंचेने घासून लख्ख केलेल्या.
मामाने पाहिल्या.
मग तो बराच वेळ
माझ्या झोक्याचा दोर ओढून ओढून तपासत राहिला.

आणि ती रात्र, जेव्हा त्याने घरच झारायला घेतलं.
आईने गुंजभर मागे ठेवलंय, हा वास त्याला लागला होता.
चुलीतली राख चाळली. पिठाचा डबा पालथा.
माझं दप्तर. भावाची गोधडी, टाका टाका उसवून;
भाऊ झोपेतच घरंगळून भुईवर आला.
इतकं मन लावून काम करताना
मी त्याला गल्लीतसुद्धा पाहिलं नव्हतं.
आई भिंतीला टेकून बघत होती.
शिव्या दिल्या, हलवलं, ती बोलली नाही.
बोलता आलंच नसतं.
ते जिभेखाली होतं.

धनतेरसच्या दुसऱ्या पहाटे,
वर्षातली सगळ्यात दाट धूळ असते तेव्हा,
तो गटारात बसलेला सापडला, हनुवटीपर्यंत.
हातात घमेलं होतं.
कामाला उतरला होता की पडला होता,
भाऊ अजून विचारतो.

मयताच्या तोंडात सोनं घालतात.
भावकी एकमेकांकडे बघत थांबली.
आईने पदराआड तोंड नेलं,
मग वाकली, बोटाने त्याचे दात उघडले.

तिसऱ्या दिवशी गिरणेवर राख सावडायला
ती काठवट घेऊन आली.
"सुपडा, हे करू नाही," कुणी म्हातारं म्हणालं.
ती पाण्यात उतरली. गोल हिसडा.
तीन पाणी काळी गेली.
चौथ्याला ते दिसलं, वितळून गोल झालेलं.
बापाच्या तोंडात गेलेल्यापैकी
तेवढं एकच घरी परत आलं.

शेठने काट्यावर ठेवलं, चष्मा वर केला.
"कोणत्या दुकानाचा झारा?"
"घरना शे, शेठ."

येताना आई रुळांपलीकडे वळली.
मी भट्टीबाहेर उभी राहिले.
गेंदाबाईने वहीतली ओळ खोडली,
आईला बस म्हणाली, चहा घे म्हणाली.
उरल्या पैशात मीठ आलं, रॉकेल,
आणि भावाला दोन रेघी वही.