चाळीसच्या खाली

चाळीसपर्यंत काही नसतं.
काटा खाली येतो, अडतीस, छत्तीस,
आणि पुढचं चाक मान हलवायला लागतं.
नंदीबैल निदान विचारल्यावर हलवतो.
आधी तळपायांत, मग गुडघ्यांत,
मग होकायंत्राचा गोळा
डोळ्यांदेखत दोन होतो.
दांडी पोटाशी ओढून नाक उचललं की गप्प.
नाक टेकलं की पुन्हा तेच.

गोंदूरची धावपट्टी, एप्रिल, सकाळचे सात,
लळिंगचा डोंगर अजून निळा.
देवपुरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये
सात वर्षं बांधलं हे विमान,
रिव्हेट रिव्हेट पगारातून.
आता उडतं, उतरतं,
उतरल्यावर थरथरतं.

पहिला संशय टायरवर.
टायर बिचारं, संशय घ्यायला स्वस्त.
हवा कमी केली, जास्त केली,
रिमला शिशाचा तुकडा चिकटवला,
उलटं करून बसवलं.
थरथर तीच, फक्त दोन नॉट सरकली.

मग मोठा नट आवळला.
चार फेऱ्या गप्प, पाचवीला परत.
पुन्हा आवळला. तीन फेऱ्या.
हिशेब समजत होता,
मांडायचा नव्हता.

सुपडू लोहार आला, पंपांची कामं सोडून.
विमानात बसणार नाही अशी
बायकोपाशी शपथ घेतलेली,
चाकाचं काही ठरलं नव्हतं म्हणे.
शेपटीवर गोधडीची घडी,
घडीवर सरकीचं पोतं,
नाक वर, चाक अधांतरी.
रावेरच्या केळीवाल्याचा काटा उसना आणलेला,
त्याचा हूक आसाला अडकवून
हळूहळू ओढला.
सहा किलोला चाक वळलं.
दहाला वळायचं होतं.
काल दहालाच वळत होतं.

सुपडूनं डोळे मिटले.
एक हात चाकाच्या माथ्यावर, एक तळाशी,
लग्नघरची उसनी खाट
हलवून बघावी तसं.
टक्.
केसाएवढं.
"ढिल्लं नही भाऊ, घसायेल से.
आवळीसन काय व्हई?"

उघडलं.
बुश गोल नव्हतं,
टिटवीच्या अंड्यासारखं एका अंगाला निमुळतं.
सुपडूनं आतून बोट फिरवलं,
माझ्याकडे बघितलं नाही.

माझ्या वहीत प्रत्येक भोकाची तारीख आहे.
या भोकाची: आठ जून, रात्री पावणेअकरा.
लाईट गेलेली. टॉर्च दातांत,
रीमर हातानं फिरवलेला,
सकाळी सहाला तेलगिरणीत पहिली पाळी.
पुढे माझ्याच अक्षरात: ठीक.

बराच वेळ बघत बसलो त्या शब्दाकडे.
न मोजता लिहिलेला
एवढा एकच असेल.

पाणबुडी मोटारीतला गनमेटलचा जुना तुकडा
सुपडूनं लेथला लावला.
पिवळा कुरळा कीस त्याच्या चपलांवर पडत राहिला.
मी कळण्याची भाकरी मोडली,
तो म्हणाला, तुकडे करू नको रे, अर्धी ठेव.
नवं बुश आत बसताना
ग्रीसचा एक थेंब हळूच बाहेर आला.
काटा: दहा.

धावलो.
पन्नास. पंचेचाळीस. एक्केचाळीस.
पाय आधीच आखडलेले.
छत्तीस.
तीस.
वीस.
होकायंत्राचा गोळा एकच.

पट्टीच्या टोकाला इंजिन बंद केलं.
सुपडू सायकलवर येत होता,
एक हात वर करून लांबूनच विचारत,
काय व्हयनं, काय व्हयनं?

संध्याकाळी वहीत लिहिलं:
बुश बदललं. दहा किलो. एक फेरी.
ठीक लिहिलं नाही.
मग पहिल्या पानापासून पानं उलटत आलो,
तो शब्द जिथे जिथे होता
तिथे पेन्सिलनं खूण करत.
सत्तावीस.
त्यातल्या चार
पंखांत.