सत्त्याऐंशीत एक

डब्यातून इंजिन काढलं तेव्हा
वासनिककाकांनी आधी लुंगीला हात पुसले.
इंदोऱ्यातली गच्ची, चटई, जानेवारीचं ऊन.

"कठडा पाय बे. खरा असता
तं माह्या मनगटाएवढा भरला असता."
बारीक केला की साच्यातच मोडतो, मी म्हणालो.
"बोगी तं दुसऱ्याच इंजिनाची."
एकच साचा, तीन मॉडेलं. परवडत नाही त्यांना.
"अन् ड्रायव्हर?"
केबिनमध्ये मोटर आहे काका, त्याला जागा उरली नाही.

ते हसले. मोतीबागच्या शेडमध्ये
एकतीस वर्षं त्यांनी तरी काय केलं होतं?
आठ बोल्टांच्या जागी सहा,
गॅस्केट आलं नाही तर पुठ्ठा न् ग्रीस,
आणि गाडी नागभीडला वेळेवर.

मग चष्मा कपाळावर सरकवून
नखाने पायऱ्या मोजल्या.
चार. चारही सरळ.
"डावीकडची खालची वाकडी पायजे होती,"
एवढंच बोलले, आणि चटईवर
उजवा पाय जरा लांब केला,
जो अजून नीट दुमडत नाही.

मी चिमटा उचलला.
"नको बे," ते म्हणाले,
"एक तरी सरळ राहू दे."