दातांतला खडा

एर्झुरुममध्ये चहात साखर घालत नाहीत.
खडा दातांत धरायचा
आणि तांबडा, कडू, उकळता चहा
त्याच्यावरून घोट घोट न्यायचा.
एका खड्यावर तीन पेले, ही वडिलांची शेखी.
माझा हिशेब एकाला एक.
दिवसाचे बारा, कधी पंधरा,
उणे वीसच्या थंडीत मोजत कोण बसतं?

आता मी मोजते.

सहा पूर्णांक एक.
डॉक्टर नेस्लिहाननं आकड्याभोवती गोल काढला.
म्हणाली, हा अजून आजार नव्हे, शहरिबान,
त्याचा उंबरठा आहे.
मी विचारलं, आणि मूल?
होऊ दे की. पण आधी तीन महिने दे मला.
तुला चाहूल लागायच्या आतच
त्याचं काळीज धडधडायला लागलेलं असतं.
पाहुणा आत येऊन बसल्यावर
केरसुणी शोधायची का आपण?

तेव्हापासून ऑलिव्हच्या बरणीशेजारी
एक पिवळी, मसुराएवढी गोळी.
जो अजून कुठेच नाही
त्याच्या पाठीच्या कण्यासाठी.

ताशहानच्या गाळ्यात मी मणी भोकते,
ओल्तूचा काळा दगड, कोळशासारखा हलका,
सुई जरा तिरकी गेली की चिरतो.
दुपारी जेवणानंतर दोन तासांनी
तीच मान खाली, तोच श्वास रोखलेला,
आणि सुईखाली माझं बोट.
बोरा उस्ता चष्म्यावरून बघतात,
काही विचारत नाहीत.
फक्त त्यांच्या बायकोनं दिलेली कदायिफ
हल्ली दुसऱ्या टेबलावर उघडतात.

सगळ्यांना गोड बातमी हवी आहे.
सासूबाई दर शुक्रवारी विचारतात,
चुलतसासू तर बोटं मोडून विचारते.
थोडी कमी गोड चालेल,
असं कुणी म्हणत नाही.

रात्री बाहेर बर्फ, म्हणून आम्ही जिना चालतो.
तुंजाय दिवसभर बर्फ काढायची गाडी हाकून आलेला,
तरी माझ्यासोबत पाचव्या मजल्यापर्यंत वर, खाली, वर.
तिसऱ्यावर मुझय्यनबाई दार उघडतात,
या या, चहा टाकते!
तुंजाय धापा टाकत म्हणतो, परतीच्या फेरीत.
आठ फेऱ्या झाल्या,
त्या अजून दारातच.

आईला फोन केला.
माझ्या वेळी रक्त तपासलं होतं का गं?
ती हसली.
तुला चीजच्या तराजूवर तोललं होतं, पाच किलो!
तुझा बाप गावभर सांगत हिंडला.
मलाही ही गोष्ट आवडायची,
शाळेत मी ती मिरवायची.
आज पहिल्यांदा वाटलं,
तराजूत मी होते.
पण तू?
तुला कुणी कशात तोललं?

फोनमध्ये बराच वेळ स्टोव्हचा आवाज.
मग म्हणाली, मला नाही बाई कुणी उंबरठा दाखवला,
मी आपली सरळ आत गेले.
आणि विषय बदलला,
डाव्या पायाची बोटं गेल्यापासून
पायमोजे विणायला लोकर कमी लागते म्हणाली.
हे ती विनोद म्हणून सांगते.
मी हसते. हसायलाच लागतं.

गुरुवारी तीन महिने भरले.
पाच पूर्णांक आठ.
उंबरठाच, म्हणाली नेस्लिहान, पण अलीकडची कड.
जा, आता तुमचं तुम्ही बघा,
मी इकडून नजर ठेवते.
ती लाजली, मी नाही.

घरी आल्यावर तुंजायनं दोन पेले भरले.
साखरेचं भांडं त्यानं केव्हाच
कपाटाच्या वरच्या फळीवर ढकललंय,
जिथं माझा हात पोचत नाही
असं त्याला वाटतं.
चहा कडू. गरम. पेल्याची कमर बोटांत भाजणारी.

जीभ मात्र अजून सवयीनं बाजूला सरते,
दातांमागे चौकोनभर जागा करते
आणि थांबते.